पट्टी मागे, प्रश्न सॅडलमध्ये

जुन्या अमेरिकन लेथचे सुटे भाग विकणारे टेपर अटॅचमेंटचे वर्णन बहुधा एका ओळीत उरकतात : '9 इंची साउथ बेंडची, पूर्ण.' या ओळीतला 'पूर्ण' हा शब्द तपासल्याशिवाय पैसे देणारा फसतो, आणि त्यात विकणाऱ्याची लबाडी असतेच असे नाही. लेथच्या मागे जे लटकताना दिसते, म्हणजे अंशांच्या खुणा असलेली पट्टी, तिच्यावर सरकणारा ब्लॉक आणि बेडला धरणारा क्लॅम्प, तेवढीच अटॅचमेंट असे तो समजतो. तो तेवढे उतरवतो, पुसतो, फोटो काढतो. तिचा उरलेला अर्धा भाग सॅडलच्या आत असतो : क्रॉस फीड स्क्रू, त्याचा नट, पुढचे बुश, आणि काही मशीनवर खुद्द क्रॉस स्लाइडसुद्धा. हे भाग जुन्या सॅडलबरोबर भंगारात जातात आणि मग घेणाऱ्याच्या हातात एक देखणी, निरुपयोगी पट्टी उरते.

म्हणून या विषयाचा आढावा घेताना पट्टीपासून सुरुवात करू नये असे माझे मत आहे. एकाच कंपनीच्या लेथच्या निरनिराळ्या आवृत्त्यांत अटॅचमेंटचे कोणते भाग एकमेकांना चालतात, याचे उत्तर एका प्रश्नावर ठरते : टेपर कातताना क्रॉस फीड स्क्रूचे काय होते?

त्याआधी हे उपकरण लागते कशाला, ते थोडक्यात पाहू. लेथवर टेपर कातण्याचे नेहमीचे आणखी दोन मार्ग आहेत. कंपाउंड रेस्ट हव्या त्या कोनात फिरवून हाताने चालवता येतो, पण त्याची चाल आखूड असते आणि हाताच्या फीडने पृष्ठभाग एकसारखा येत नाही. दुसरा मार्ग टेलस्टॉक बाजूला सरकवण्याचा. त्यात जॉब दोन सेंटरांमध्येच धरावा लागतो, आतला टेपर बोअर करता येत नाही, आणि सरकवण्याचे माप जॉबच्या लांबीवर अवलंबून राहते. मोर्स नंबर 2 चा टेपर कातायचा असेल तर 200 मिमी लांबीच्या जॉबला टेलस्टॉक सुमारे 5 मिमी सरकवावा लागतो, तर 250 मिमीच्या जॉबला सुमारे सव्वासहा. दहा जॉब एकाच लांबीचे नसले की प्रत्येक वेळी पुन्हा मांडणी. टेपर अटॅचमेंटवर जॉबच्या लांबीचा संबंध उरत नाही. चकमध्ये धरलेल्या जॉबवर, पॉवर फीड लावून, आतून किंवा बाहेरून, पट्टीची लांबी पुरेल तितका टेपर निघतो. ज्याला ड्रिलच्या शँक, स्लीव्ह, सॉकेट किंवा पाइपचे टेपर आटे वारंवार करावे लागतात त्याला याहून चांगली सोय जुन्या लेथवर नाही.

साउथ बेंड हे उदाहरण मुद्दाम घेतो, कारण भागांच्या अदलाबदलीचा गोंधळ या नावाभोवती सर्वांत दाट आहे. जॉन आणि माइल्स ओब्रायन या जुळ्या भावांनी 1906 मध्ये इंडियाना राज्यातल्या साउथ बेंड शहरात ही कंपनी सुरू केली. शाळा, दुरुस्तीची दुकाने, गॅरेज, घरगुती कार्यशाळा आणि पुढे दुसऱ्या महायुद्धातली लष्करी दुरुस्तीकेंद्रे, असे तिचे गिऱ्हाईक दूरवर पसरले. कंपनीचे 'हाउ टू रन अ लेथ' हे छोटे पुस्तक अनेक आवृत्त्यांतून निघाले आणि कित्येक देशांतल्या शिकाऊ टर्नरांनी त्यावरून काम शिकले. टेपर अटॅचमेंटचे साधी आणि टेलिस्कोपिक हे दोन प्रकार त्या पुस्तकात स्वच्छ वेगळे सांगितलेले आहेत. गोंधळ आहे तो प्रत्यक्ष मशीनवर.

कंपनीचा सर्वांत परिचित लहान लेथ म्हणजे 9 इंची वर्कशॉप. तो 1930 च्या दशकाच्या मध्यात आला आणि काही वर्षांतच त्याची ए, बी, सी ही तीन रूपे रूढ झाली. ए ला झटपट गिअर बदलण्याची पेटी आणि क्रॉस स्लाइडला पॉवर फीड. बी ला पॉवर फीड आहे, पण पेटी नाही. गिअर हाताने बदलायचे. सी ला दोन्ही नाही. याच्या आधीचा 9 इंची ज्युनिअर हा वेगळाच लेथ. आकडा सारखा म्हणून त्याचे भाग वर्कशॉपला बसतील असे मानू नये. वर्कशॉपचा जवळचा भाऊ म्हणजे हलका 10 इंची, ज्याला 10 के म्हणतात. त्याचे हेडस्टॉक आणि टेलस्टॉक उंच केले, बाकी घराणे तेच. मग येतो हेवी टेन. नावात तोच 10 चा आकडा आहे, पण बेड, सॅडल, स्पिंडल सगळे मोठे. 9 इंची वर्कशॉपच्या स्पिंडलच्या नाकावर दीड इंच व्यासाचे, इंचाला 8 असे आटे असतात. बहुतेक हेवी टेनवर सव्वादोन इंचाचे आणि इंचाला 8. स्पिंडलच्या आरपार भोकातही तोच फरक आहे : एकाचे पाऊण इंच, दुसऱ्याचे बहुधा 1 3/8 इंच. अशा दोन मशीनची टेपर अटॅचमेंट एकमेकांना बसण्याचा प्रश्नच येत नाही. तरीही जाहिरातीत 'साउथ बेंड 10 साठी' एवढेच लिहिलेले असते. तिथे पहिला प्रश्न 'कोणता 10?' हाच विचारायचा.

आता साध्या प्रकाराकडे. साउथ बेंडच्या रचनेत सॅडलच्या पाठीला एक ब्रॅकेट बोल्टने बसवलेला असतो. त्याच्यावर डव्हटेलमध्ये सरकणारी बैठक, बैठकीवर मध्यभागी फिरणारी पट्टी, आणि बैठकीपासून निघालेला एक दांडा बेडवरच्या क्लॅम्पमध्ये जातो. क्लॅम्प सैल असला की सगळे सॅडलबरोबर निमूट फिरते आणि लेथ नेहमीसारखा चालतो. क्लॅम्प आवळला की बैठक आणि पट्टी जागेवर थांबतात, सॅडल पुढे जाते, आणि पट्टीवरचा ब्लॉक तिच्या तिरप्या रेषेने क्रॉस स्लाइडला आत किंवा बाहेर नेतो. पण क्रॉस स्लाइड तर स्क्रूला नटाने बांधलेली असते. ती मोकळी झाल्याशिवाय हलणार कशी? साध्या प्रकाराचे उत्तर सरळ आहे : नट धरणारा वरचा स्क्रू काढायचा. स्लाइड नटापासून सुटते, मागे ब्लॉकला जोडलेल्या ड्रॉ बारला बोल्टने बांधली जाते, आणि त्यानंतर कट देण्याचे काम कंपाउंडकडे येते. कंपाउंड क्रॉस स्लाइडला समांतर फिरवून ठेवायचा.

या प्रकाराला 'गरिबाची अटॅचमेंट' म्हणून नाक मुरडणारे बरेच आहेत. मला ते पटत नाही. स्क्रू आणि नट सुटल्यामुळे त्यांच्यातली झीज टेपरच्या हिशेबातून पूर्णपणे बाहेर जाते. ऐंशी वर्षे चाललेल्या लेथवर नटाची झीज हाच सर्वांत मोठा दोष असतो, आणि साधी अटॅचमेंट नेमका तोच बाजूला ठेवते. पट्टीपासून स्लाइडपर्यंत उरतात तीनच सांधे : पट्टी आणि ब्लॉक, ब्लॉकची खीळ, ड्रॉ बारचा बोल्ट. तिन्ही बाहेर आहेत, डोळ्यांना दिसतात, हाताने दुरुस्त करता येतात. तोटे खरे आहेत, नाही असे नाही. दर वेळी नटाचा स्क्रू काढा, घाला. त्याचे भोक उघडे राहिले तर चुरा आत जाऊन स्क्रूच्या आट्यांत बसतो. कापडाचा बोळा किंवा लहानसे बूच घालायला विसरू नये. आणि कंपाउंड काटकोनात फिरलेला असल्यामुळे त्याच्यावर टूल थोडे जास्त बाहेर लोंबते.

टेलिस्कोपिक प्रकार हा प्रश्न दुसऱ्या बाजूने सोडवतो. इथे नट सुटत नाही. स्क्रूच मागेपुढे सरकतो. स्क्रूचे मागचे टोक ड्रॉ बारमधल्या बेअरिंगमध्ये धरलेले असते. पुढचा भाग हँडलच्या बुशमध्ये असा बसवलेला असतो, की चावीमुळे तो हँडलबरोबर फिरतो पण लांबीच्या दिशेने मोकळा सरकतो. पट्टीने ब्लॉक ढकलला की स्क्रू, नट आणि स्लाइड एकत्र हलतात. हँडल फिरवले की नेहमीप्रमाणे कट मिळतो, आणि डायलही खरे बोलते. नट काढण्याची कटकट नाही, कंपाउंड हव्या त्या कोनात ठेवता येतो. क्लॅम्प आवळायचा आणि कातायला लागायचे.

पण सुट्या भागांचा गोंधळ सुरू होतो तो याच स्क्रूपासून. 9 इंची वर्कशॉपचा साधा क्रॉस फीड स्क्रू 7/16 इंच व्यासाचा, डाव्या हाताच्या ॲक्मी आट्यांचा, इंचाला 10 आटे असा असतो. म्हणून हँडलच्या एका फेऱ्याला स्लाइड 0.100 इंच सरकते. ए आणि बी वर हाच स्क्रू एप्रनकडून पॉवर फीड घेतो, त्यासाठी त्याच्यावर दाते असतात. सी वर दात्यांची गरज नाही. टेलिस्कोपिक रचनेत दाते असलेला भाग जागेवर फिरत राहिला पाहिजे आणि त्याच्या पोटातून स्क्रू सरकला पाहिजे. म्हणजे सी वरून काढलेला टेलिस्कोपिक संच ए वर चढवला, तर टेपर निघेल, पण क्रॉस स्लाइडचे पॉवर फीड जाईल. फेसिंगची सवय लागलेल्या माणसाला हा तोटा पहिल्याच दिवशी जाणवतो. याच्या उलट, साध्या अटॅचमेंटला ए, बी की सी याने फारसा फरक पडत नाही, कारण ती स्क्रूला हातच लावत नाही. एकाच आकाराच्या घराण्यात साध्या प्रकाराचे भाग एका मशीनवरून दुसऱ्यावर जाण्याची शक्यता म्हणूनच कितीतरी जास्त असते.

डायलचाही विचार करावा लागतो. हेवी टेनवर लहान डायल आणि मोठे डायल अशी दोन्ही रूपे आढळतात, आणि पुढे इंच व मिलिमीटर दोन्ही दाखवणारे डायलही आले. टेलिस्कोपिक स्क्रूचे पुढचे टोक ज्या बुशमध्ये सरकते, त्याच बुशवर डायल बसते. डायल बदलले की बुश बदलते आणि बुश बदलले की स्क्रूच्या पुढच्या टोकाचा व्यास व चावी जुळते की नाही हे पाहावे लागते. 'माझ्याकडे मोठे डायल आहे, स्क्रू लहान डायलच्या मशीनचा मिळतोय' अशा वेळी मापे हातात आल्याशिवाय होकार देऊ नये.

मग सॅडल. मागचा ब्रॅकेट ज्या पृष्ठावर बसतो ते सपाट आणि बेडच्या मार्गाला समांतर असावे लागते. अटॅचमेंटसह घडवलेल्या सॅडलवर ते पृष्ठ तयार असते, बोल्टची भोके आटे पाडून तयार असतात. नसलेल्या सॅडलवर ती पाडावी लागतात, आणि पाठ ओतीव अवस्थेत खडबडीत असेल तर आधी ती मशीन करावी लागते. लहान लेथचे सॅडल मिलिंग मशीनवर पकडणे कठीण नाही. संदर्भ कोणता धरायचा हे कठीण. झिजलेल्या व्ही मार्गावरून संदर्भ घेतला तर ब्रॅकेट तिरपा बसतो. पट्टी फिरवता येत असल्यामुळे थोडी तिरपी बैठक कोनात भरून काढता येईल असे वाटते. पण डव्हटेलच जर बेडला समांतर नसेल, तर बैठक सरकताना ब्रॅकेटमध्ये अडखळते आणि टेपरच्या मध्यावर उंचवटा येतो. शक्य असेल तेव्हा अटॅचमेंट तिच्या मूळ सॅडलसकट घ्यावी, असा माझा आग्रह आहे. सॅडल झिजलेले असले तरी त्याची तळबाजू खरवडून बसवता येते. भोकांची मूळ मांडणी पुन्हा मिळत नाही.

क्रॉस स्लाइडवरही पाहण्यासारखे आहे : ड्रॉ बारसाठी मागे भोक किंवा खाच, आणि नटाची बांधणी. साध्या संचाला नटाचा स्क्रू वरून सहज पोचेल असा लागतो. नव्या स्लाइडवर भोक पाडणे अवघड काम नाही. बेडचा क्लॅम्प, दांडा, पट्टीचे आवळण्याचे बोल्ट या गोष्टी हरवल्या असतील तर कोणताही नीटस टर्नर त्या नव्याने करतो; त्यासाठी किंमत वाढवून देऊ नये. मोटर आणि काउंटरशाफ्ट हेडस्टॉकच्या मागे असलेल्या मशीनवर मात्र अटॅचमेंट हेडस्टॉककडे किती पुढे जाते हे पाहावे. मोटर खाली असलेल्या मशीनवर ही अडचण नाही.

आता त्या सांध्यांमधल्या ढिलाईचा हिशेब करू, कारण सगळ्या आवृत्त्यांची खरी तुलना तिथे होते. मोर्स नंबर 2 मध्ये एका फुटाला व्यासात 0.59941 इंच फरक पडतो. म्हणजे सॅडल 1 मिमी सरकले की टूल जवळपास 0.025 मिमी आत किंवा बाहेर जायला हवे. पट्टीपासून टूलपर्यंतच्या सगळ्या सांध्यांची मिळून ढिलाई समजा 0.1 मिमी आहे. मग पट्टीने ती पिऊन टाकेपर्यंत सॅडल 4 मिमी पुढे गेलेले असते, आणि तेवढ्या लांबीत जॉब टेपर न होता सरळ कातला जातो. ढिलाई 0.3 मिमी असेल तर हे अंतर 12 मिमी. टेपर जितका कमी, तितके नुकसान जास्त. मेट्रिक टेपर पिनचा टेपर 1:50 असतो. तिथे 0.1 मिमी ढिलाईलाही 10 मिमी जातात, आणि कित्येक पिना लांबीला त्याहून फार मोठ्या नसतात. म्हणून जुने टर्नर कट सुरू करण्याआधी सॅडल जॉबच्या टोकापलीकडे चांगले मागे नेतात आणि प्रत्येक फेरीला त्याच दिशेने येतात. ही सवय नाही, गणित आहे.

टेलिस्कोपिक अटॅचमेंटमध्ये या साखळीला स्क्रूचे मागचे बेअरिंग आणि नट हे दोन सांधे जोडले जातात. शिवाय एक गोष्ट घेणाऱ्याला बहुधा उशिरा कळते. क्लॅम्प सैल असताना, म्हणजे रोजच्या सरळ कामातही, स्क्रूला लांबीच्या दिशेने धरून ठेवते ती मागची पट्टीच. ड्रॉ बार सॅडलला वेगळा बांधण्याची सोय नसेल, तर पट्टी आणि ब्लॉकमधली ढिलाई प्रत्येक कटाला, फेसिंगला, पार्टिंगला भोवते. पार्टिंग करताना टूल अचानक आत ओढले जाते, तेव्हा लोक स्पिंडलच्या बेअरिंगला दोष देतात. कारण कधीकधी दोन हात मागे असते.

क्रॉस स्लाइडच्या जीबचाही यात वाटा आहे. बाहेरून कातताना कटाचा जोर टूलला जॉबपासून दूर लोटतो. लहान टोक टेलस्टॉककडे ठेवून हेडस्टॉककडे कातत गेलो, तर पट्टीही स्लाइडला त्याच दिशेने नेते. जीब फार सैल असेल तर स्लाइड पट्टीची वाट न पाहता जोराने पुढे सरकते, कट हलका झाला की थांबते, आणि पृष्ठभागावर पायऱ्या उमटतात. जीब इतका आवळावा की स्लाइडला ढकलायला पट्टीच लागेल, पण ती अडकणार नाही. तेलाने धुऊन, जीब बसवून, ब्लॉकच्या बाजूंना पातळ शिम देऊन पाहिल्याशिवाय कोणतीही अटॅचमेंट निकामी ठरवू नये.

अमेरिकेबाहेर याच प्रश्नाला दुसरे उत्तर दिले गेले. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमजवळ बीस्टन इथे सेसिल मूर यांनी 1934 मध्ये मायफोर्ड कंपनी सुरू केली. 1946 मध्ये तिचा एमएल 7 आला, पुढे सुपर 7. साडेतीन इंच सेंटर हाइटचे हे लेथ इंग्रज हौशी कारागिरांचे लाडके. त्यांची टेपर अटॅचमेंट सॅडलला नाही, बेडच्या पाठीला बसते. सॅडल हलते, पट्टी बेडवर स्थिर. ब्रॅकेट, त्याचे डव्हटेल आणि दांडा यांची गरजच उरत नाही, म्हणजे ढिलाईचे दोन-तीन सांधे मुळातच कमी. स्लाइड स्क्रूपासून मोकळी करून कट वरच्या स्लाइडने द्यायचा, साउथ बेंडच्या साध्या प्रकारासारखाच. मिशिगनमधल्या कालामझूच्या ॲटलस प्रेस कंपनीच्या 10 आणि 12 इंची लेथवरही बेडवर बसणारी रचना दिसते. या रचनेत भागांच्या अदलाबदलीचा प्रश्न सॅडलऐवजी बेडकडे जातो : बेडच्या पाठीवर भोके आहेत का, पृष्ठ मशीन केलेले आहे का. मायफोर्डने 1972 मध्ये बेडवर सॅडलचे मार्गदर्शन करण्याची पद्धत बदलली, अरुंद मार्गाऐवजी रुंद मार्ग आला, आणि त्यात मागच्या बाजूचे बाहेरचे पृष्ठ सॅडलच्या कामी आले. त्यामुळे मायफोर्डची अटॅचमेंट घेताना बेड कोणत्या पिढीचा आहे हे आधी पाहावे.

बेडवर बसणाऱ्या पट्टीचा एक तोटा आहे. लांब बेडवर काम दुसरीकडे करायचे असेल तर सगळी मांडणी उचलून हलवावी लागते. साउथ बेंडवर क्लॅम्प सैल करून सॅडल हवे तिथे न्यायचे, की झाले. मोठ्या अमेरिकन टूलरूम लेथनी, उदाहरणार्थ ओहायोतल्या सिडनी इथल्या मोनार्कच्या 1939 च्या 10 ईई ने, सॅडलबरोबर फिरणारी आणि टेलिस्कोपिक स्क्रूची रचना निवडली, ते रोजच्या उत्पादनातल्या या सोयीसाठी. त्यांच्या स्क्रूची जाडी आणि बेअरिंगांची गुणवत्ता 9 इंची साउथ बेंडच्या फार वरची, म्हणून तिथे टेलिस्कोपिक शोभते. लहान लेथवर तीच रचना लहान करून बसवली की पातळ स्क्रूला लांब चावी कोरावी लागते आणि झीज लवकर दिसते. लहान मशीनवर साधी, मोठ्या मशीनवर टेलिस्कोपिक, असे माझे मत या सगळ्या तुलनेतून पक्के झाले आहे.

आपल्याकडे साउथ बेंड आणि मायफोर्ड मोजकेच. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, पुण्याच्या भोसरीत किंवा जिल्ह्याच्या गावी एखाद्या शेडमध्ये जुना लेथ म्हटला की आधी किर्लोस्करचा एंटरप्राइज आठवतो. तो हरिहरच्या मैसूर किर्लोस्करचा. ही कंपनी 1941 मध्ये उभी राहिली. नाही तर एचएमटीचा. एचएमटी 1953 मध्ये बंगळूरला, स्वित्झर्लंडच्या ओरलिकॉनच्या सहकार्याने. या लेथना टेपर टर्निंग अटॅचमेंट जादा उपकरण म्हणून मिळत असे. आयटीआयच्या टर्नर ट्रेडमध्ये टेपरच्या पद्धतींत ती आजही शिकवली जाते, पण शेडमधल्या मशीनवर ती क्वचितच लागलेली दिसते. लेथ घेतानाच ती मागितली नसेल तर पुढे वेगळी बसवणे जड जाते, आणि ज्यांनी घेतली त्यांच्याकडे मशीन विकताना ती कोपऱ्यात राहून जाते. वरचा सगळा विचार या मशीनलाही लागू पडतो. किर्लोस्करची अटॅचमेंट दुसऱ्या किर्लोस्करला बसवायची, तर आधी दोन्ही मशीनच्या सॅडलची पाठ आणि क्रॉस फीड स्क्रू शेजारी ठेवून मोजायचा.

मांडणीबद्दल एवढे सांगायलाच हवे, की पट्टीवरच्या खुणांवर विसंबून मोर्स टेपर कातता येत नाही. नंबर 2 आणि नंबर 3 यांच्या टेपरमध्ये फुटाला 0.003 इंचापेक्षाही कमी फरक आहे. पट्टीच्या मध्यापासून 150 मिमी दूर असलेल्या खुणेवर हा फरक जेमतेम 0.02 मिमी इतका दिसेल. कोरलेली रेघच त्याहून जाड असते. शिवाय काही पट्ट्यांवर कोन एका बाजूचा, काहींवर दोन्ही बाजूंचा मिळून. म्हणून खूण फक्त जवळपास आणण्यासाठी. नेमके माप डायल गेजने : ओळखीचा मोर्स शँक सेंटरांमध्ये धरायचा, टूलच्या जागी गेज लावायचा, गेजचे टोक बरोबर सेंटर हाइटवर ठेवायचे, आणि सॅडल एकाच दिशेने नेत काटा हलत नाही तोवर पट्टी नेटाने सारायची. शँक नसेल तर गेज क्रॉस स्लाइडला टेकवायचा. सॅडल 50 मिमी सरकले की नंबर 2 साठी स्लाइड 1.249 मिमी सरकायला हवी. पहिले 10-15 मिमी मोजायचे नाहीत, तेवढी ढिलाई जाऊ द्यायची. शेवटी सॉकेटमध्ये ब्ल्यू लावून दोन्ही टोकांना रंग लागतो का हे पाहायचे.

टूलही सेंटर हाइटवरच हवे. ते अर्धा मिलिमीटर वर किंवा खाली असेल तर नंबर 2 मोर्सच्या जाड आणि बारीक टोकांतल्या व्यासाच्या फरकात सुमारे 0.006 मिमीची चूक येते, आणि कड सरळ न राहता किंचित वाकते. आकडा लहान वाटतो, पण सॉकेटमध्ये ब्ल्यू फक्त एकाच टोकाला लागण्याला तेवढे पुरते.

टेलिस्कोपिक स्पष्टपणे सरस ठरते असे एकच काम मला दिसते : पाइपचे टेपर आटे. अमेरिकन आणि ब्रिटिश दोन्ही टेपर पाइप आट्यांचा टेपर 1:16. टूल जॉबच्या अक्षाला काटकोनात लावायचे, टेपरच्या उताराला नाही. प्रत्येक फेरीनंतर टूल बाहेर काढून, सॅडल मागे नेऊन, पुन्हा शून्यावर आणायचे. टेलिस्कोपिकवर हे काम क्रॉस फीड करते आणि खोली कंपाउंडने वाढवता येते. दोन डायल, दोन वेगळी कामे. साध्या अटॅचमेंटवर दोन्ही गोष्टी एकट्या कंपाउंडला कराव्या लागतात आणि प्रत्येक फेरीला मागचा आकडा लक्षात ठेवावा लागतो. असे काम रोज असेल तर टेलिस्कोपिक संच शोधण्याचे श्रम वाया जात नाहीत. फक्त तो स्क्रू, बुश, नट आणि सॅडल यांच्यासकट घ्यावा, पैसे देण्याआधी विकणाऱ्याकडून सॅडलच्या पाठीचा आणि बाहेर काढलेल्या स्क्रूचा फोटो मागवावा, आणि साउथ बेंड असेल तर बेडच्या टेलस्टॉककडच्या टोकावर, पुढच्या मार्गाजवळ कोरलेला अनुक्रमांकही. त्या क्रमांकातल्या अक्षरांवरून मशीन कोणत्या घराण्यातली ते कळते, आणि जाहिरातीतल्या 'पूर्ण' या शब्दाचा अर्थ त्या दोन फोटोंवरून.